क्राफ्ट ब्रुअरीत पाच वर्षांच्या मुलीला न्यावे का?

टिळकवाडीकर:
येत्या रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाणे आहे. तिथल्या मित्राने दुपारच्या जेवणासाठी एक लहान क्राफ्ट ब्रुअरी (जिथे थोड्या प्रमाणात बिअर बनवून तिथेच जेवणासोबत देतात) सुचवली असून आमची पाच वर्षांची मुलगी बरोबर असणार आहे. सौ.ना हे फारसे पसंत नाही. माझे मत असे की, भरदुपारी, उघड्यावर, जेवताना वडील एक ग्लास बिअर घेत आहेत हे मुलीने पाहिले तर त्यात बिघडण्यासारखे काही नाही. आपल्याकडे हमरस्त्यावरच्या बार अँड रेस्टॉरंटमध्ये ‘फॅमिली सेक्शन’ची पाटी पाहून आपण मुलाबाळांसह बसतोच, आणि पडद्यापलीकडचा आरडाओरडा व वास त्यांच्यापर्यंत पोहोचतोच. त्यापेक्षा ब्रुअरीत काचेआड स्टीलच्या टाक्या दिसतात. बार्लीला मोड आणून, ती वाळवून माल्ट कसे करतात आणि त्यातल्या साखरेचे यीस्टमुळे मद्य कसे होते, हे तिला सांगता येईल. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते ते ती घरी पाहतेच.

खानापूरकर:
आपण दिलेला पडद्याचा दाखला आपल्याच विरोधात जातो. तो पडदा कितीही कळकट असला तरी मुलांसमोर पिऊ नये एवढी भीड मोठ्यांना अजून आहे, याची ती खूण आहे. नव्या ब्रुअऱ्यांनी पडदा काढला, लाकडी बाके मांडली, पिझ्झा ठेवला, कुठे कोपऱ्यात घसरगुंडीही बसवली आणि आईवडिलांचा संकोच तेवढा घालवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, आणि २०२३ मध्ये संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे स्पष्ट सांगितले. मोठ्यांनी प्यावे की नाही हा त्यांचा प्रश्न. पण रविवारचे जेवण म्हटले की बिअर आलीच, हे समीकरण पाचव्या वर्षीच मुलीच्या मनात का पक्के करावे?

निपाणीकर:
मी काही काळ एका ब्रुअरीत काम केले आहे, त्यामुळे संस्कारांचा वाद आपणा दोघांवर सोडून टाक्यांविषयी लिहितो. जेवायला खुशाल जा, पण कौतुकाने कोणी ‘या, आतून दाखवतो’ म्हणाले तर मुलीला नेऊ नका. माल्टचा रस हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून सुमारे तासभर उकळत असतो, टाक्या धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात, फरशी सदा ओली आणि तिच्यावर पाण्याचे पाइप पसरलेले. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त जागेत खाली साठतो, म्हणजे आपल्या नाकापेक्षा पाच वर्षांच्या मुलीच्या नाकाशी अधिक. टाकीतून निघालेली नळी बहुधा पाण्याच्या बादलीत सोडलेली असते आणि तिच्यातून सतत बुडबुडे येत असतात. मुले नेमकी त्या बादलीवर वाकतात, आणि वायू तिथूनच बाहेर पडत असतो. काचेबाहेरून पाहण्यात कसलाच धोका नाही, आणि दिसते तेही तेवढेच.

शहापूरची सून:
निपाणीकर दादा, बादलीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझी हरकत मात्र टाक्यांना नाही, टेबलावरच्या मंडळींना आहे. आपल्याकडे कोणी ना कोणी काका असतातच, जे हसत हसत बोटाला फेस लावून लेकराच्या जिभेवर ठेवतात आणि त्याने तोंड वाकडे केले की सगळे टाळ्या पिटतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्या काकांना आधीच सांगून ठेवावे. शिवाय घाटातून परत येताना गाडी कोण चालवणार?

टिळकवाडीकर:
गाडी सौ. चालवतील, त्या पीत नाहीत. टेबल बाहेरच्या अंगणात घेऊ आणि गाणी सुरू होण्याआधी, चारपर्यंत उठू. आत जाणार नाही. फेसाचे बोट कोणाचेही असो, ते मी अडवीन. पण मुलीपासून लपवायचे आणि मित्राकडे तिला झोपवून मग बाटली उघडायची, हा मार्ग मला अधिक चांगला वाटत नाही. लपवलेल्या वस्तूकडे मुलांचे लक्ष आधी जाते.

खानापूरकर:
लपवा असे मी म्हटलेले नाही. एक दुपार बिअरवाचून जेवा, एवढेच म्हणतो. तरीही जाणारच असाल तर मित्र आग्रहाने दुसरा ग्लास मागवील तेव्हा मुलीसमोर ‘नको’ आपण म्हणणार की सौ.ना म्हणावे लागणार, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्या.