मदत हवी आहे : मिसळीची पैज अडकलीये, निकाल द्या

मंडळी, सकाळी वॉकच्या नावाखाली आम्ही चौघं टपरीवर बसतो, कटिंग येईपर्यंत पेपरची चार पानं चौघांत वाटली जातात आणि मग सरकार आम्हीच चालवतो, तर आज गाडी घसरली ती 'महाराष्ट्राचा सगळ्यात कमी दिवसांचा मुख्यमंत्री कोण' यावर.

मी म्हटलं त्यात काय, नोव्हेंबर २०१९, फडणवीसांचा पहाटेचा शपथविधी, २३ला शपथ, २६ला राजीनामा, झोपेतून उठून टीव्ही लावला तर खेळ सुरू. पण आमचे काका (रिटायर्ड मास्तर, पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवतात!) म्हणाले थांब, १९६३ला मुख्यमंत्री कन्नमवार पदावर असतानाच गेले, तेव्हा दहाएक दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार बघितला आणि मग ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले ते थेट १९७५पर्यंत.

आता दहापेक्षा चार कमी हे मलाही कळतं हो, पण काकांचं म्हणणं असं की फडणवीस त्याआधी अख्खी पाच वर्षं होते आणि २०२४ला परत आले, मग त्यांना 'कमी दिवसांचा' कसं म्हणायचं, एकूण दिवस मोजा. त्यावर दुसरा म्हणतो सावंत तर हंगामी, ते यादीत धरायचेच कशाला.

तर जाणकारांनो, एमपीएससीवाले कोणी असाल तर सांगा, परीक्षेत उत्तर काय धरतात, माणूस मोजतात का कार्यकाळ? आणि हंगामी धरतात का? उद्या सातच्या आत हवंय, मिसळ चार प्लेट आहे, एक्स्ट्रा पाव वेगळे.