स्टिगंड खरोखरच एवढा वाईट होता का?

पोथीवाला: ‘स्टिगंडसारख्या लोभी आर्चबिशपला हटवून विल्यमने इंग्लिश चर्चवर उपकारच केले’ हे वाक्य कालच्या धाग्यात बिनदिक्कत लिहिले गेले आणि कोणी हूं की चूं केले नाही, म्हणून हे उत्तर. स्टिगंड हा कँटरबरीचा, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च धर्मगादीचा आर्चबिशप; विल्यम म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा. ११ एप्रिल १०७० रोजी विंचेस्टरला पोपच्या प्रतिनिधींनी त्याच्यावर तीन आरोप ठेवले: कँटरबरी मिळाल्यावरही विंचेस्टरचे बिशपपद सोडले नाही, आधीचा आर्चबिशप ज्युमिएजचा रॉबर्ट हयात असताना त्याची गादी घेऊन त्याचेच पॅलियम (पोपकडून आर्चबिशपला मिळणारा अधिकाराचा पट्टा) वापरले, आणि स्वतःचे पॅलियम बेनेडिक्ट दहावा या पुढे अवैध ठरलेल्या पोपकडून मिळवले. यांतला एकही आरोप विल्यमला नवा नव्हता. तरीही त्याने स्टिगंडला तीन वर्षांहून अधिक काळ पदावर ठेवले आणि रेमिजियस या आपल्याच माणसाला डॉर्चेस्टरच्या बिशपपदाची दीक्षा १०६७ मध्ये त्याच्याच हातून घेऊ दिली. गरज होती तोवर आर्चबिशप, गरज सरताच पापी. याला उपकार म्हणायचे असेल तर माझा नाइलाज आहे.

सनावळी: विल्यम मतलबी होता, हे मान्य. पण त्यामुळे स्टिगंड धुतल्या तांदळासारखा कसा होतो? नॉर्मन लोक येण्याच्या चार वर्षे आधी, १०६२ मध्ये, वुल्फस्टनने वूस्टरच्या बिशपपदाची दीक्षा त्याला टाळून यॉर्कचा आर्चबिशप एल्ड्रेड याच्याकडून घेतली. घरचेच लोक ज्याच्या हातून दीक्षा घ्यायला कचरत होते, त्याची बाजू आपण साडेनऊशे वर्षांनी का घ्यावी?

पोथीवाला: दोन गाद्या सांभाळणे एवढे घोर पाप असेल, तर वूस्टर आणि यॉर्क एकाच वेळी सांभाळणारा ऑस्वल्ड संत कसा झाला, हेही सांगून टाका.

त्रस्त प्राध्यापक: राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या महाविद्यालयात प्राचार्यांकडे दुसऱ्या संस्थेचा ‘अतिरिक्त कार्यभार’ होता. तो तात्पुरता म्हणून आला आणि निवृत्तीपर्यंत टिकला, आणि माझी पदोन्नतीची फाइल दोन कार्यालयांच्या मध्ये कुठे अडकली ते आजतागायत कळलेले नाही. दोन खुर्च्यांवर बसणारा माणूस एकाही खुर्चीचे काम करत नाही, मग तो संत असो वा स्टिगंड.

सनावळी: प्राध्यापकांच्या फाइलबद्दल सहानुभूती आहे. ऑस्वल्ड दहाव्या शतकातला. मधल्या काळात रोमचे नियम कडक झाले होते. एल्ड्रेडलाही वूस्टर आणि यॉर्क दोन्ही हवे होते, पण पोप निकोलस दुसरा याने त्याला वूस्टर सोडायला लावले, आणि त्याने ते सोडले. स्टिगंडने मात्र विंचेस्टर अखेरपर्यंत सोडले नाही. वर, ज्याने अवैध पोपचे पॅलियम घेतले त्यानेच हॅरॉल्डला, म्हणजे विल्यमने पुढे ज्याला हरवले त्या राजाला, मुकुट घातला, ही गोष्ट तर आणखी वाईट.

भटका वाचक: मुकुट त्याने घातला, हे कोणी सांगितले? नॉर्मन विजयाची कथा सांगणारा, फ्रान्समधल्या बायो गावचा तो भरतकामाचा पट मी स्वतः पाहिला आहे. हॅरॉल्ड सिंहासनावर बसलेला आहे, मुकुट आधीच डोक्यावर आहे, आणि शेजारी हात पसरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर स्टिगंडचे नाव भरलेले आहे. तो उभा आहे, एवढेच. काचेसमोर उभा राहून मी बराच वेळ त्याचे हात न्याहाळत होतो. ते मुकुटाच्या जवळपासही नाहीत.

सनावळी: सहलीच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. त्या काळचा इतिहासकार प्वातिएचा विल्यम स्पष्ट लिहितो की राज्याभिषेक स्टिगंडने केला.

पोथीवाला: तो इतिहासकार तर विल्यम राजाच्याच पदरचा धर्मगुरू होता! हॅरॉल्डचा अभिषेक खोटा ठरवायचा, तर तो बहिष्कृत माणसाच्या हातून झाला असे सांगणे सर्वांत सोयीचे. वूस्टरचा इतिवृत्तकार एल्ड्रेडचे नाव देतो. आणि ज्या हॅरॉल्डने वॉल्थमच्या चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी स्टिगंडऐवजी यॉर्कचा आर्चबिशप बोलावला होता, तो स्वतःच्या राज्याभिषेकाला असा धोका पत्करेल, हे तुम्हांला पटते?

सनावळी: वूस्टरचा मजकूर पुढच्या शतकातला आहे, आणि एल्ड्रेड पूर्वी त्याच वूस्टरचा बिशप होता, आपल्या माणसाला मान देणे फक्त नॉर्मनांनाच येते असे समजू नका. बाकी वॉल्थमचा मुद्दा बरोबर आहे, पण तो माझा आहे. स्टिगंडला टाळत होते हेच मी पहिल्यापासून सांगत आलो. आता तुम्हीच ते त्याच्या बचावासाठी वापरत असाल, तर आपले आभार.

पोथीवाला: टाळत होते, हे मी मानतो. मात्र विल्यमने टाळले नाही, आणि मूळ वाक्य विल्यमच्या उपकारांबद्दल होते.