ग्रंथालय छोटं आहे, लघुप्रबंधासाठी शोधनिबंध कुठून मिळवायचे?

शेवटचं_सत्र:
आमच्या विद्यापीठाने मोठ्या प्रकाशकांची वर्गणी भरलेली नाही. गूगल स्कॉलरवर हवा तो निबंध दिसतो, पण उघडला की फक्त सारांश आणि खाली पैसे भरायची पाटी. नुसत्या सारांशावरून संदर्भ दिलेला मार्गदर्शकांना चालत नाही, आणि ते योग्यच आहे. चोरीच्या प्रती नको आहेत. शोधायचा क्रम काय ठेवू?

कपाट_सात:
आधी डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, टिपून घ्या. 10 आणि टिंबाने सुरू होणारा तो क्रमांक बहुधा प्रकाशकाच्या पानावर असतो. ब्राउझरमध्ये अनपेवॉल (Unpaywall) हे मोफत एक्स्टेन्शन टाकलं की निबंधाच्या पानाच्या उजव्या कडेला कुलूप दिसतं. ते हिरवं असेल तर कायदेशीर मोफत प्रत आहे, त्यावर टिचकी मारा. राखाडी असेल तर स्कॉलरमध्ये पूर्ण शीर्षक दुहेरी अवतरणात टाका आणि नोंदीखालचं 'सर्व आवृत्त्या' उघडा. लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारातली प्रत बऱ्याचदा तिथेच सापडते.

विषयानुसारही जागा बदलते. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्राला 1991 पासून चालू असलेलं आर्काइव्ह (arXiv), अर्थशास्त्राला रेपेक (RePEc), जीवशास्त्राला बायोआर्काइव्ह (bioRxiv). वैद्यकशास्त्रात पबमेड आणि पबमेड सेंट्रल यांची गल्लत करू नका. पहिल्यात नोंद आणि सारांश असतो, पूर्ण मजकूर दुसऱ्यात.

आणि एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात: त्याच लेखकाचा पीएचडीचा प्रबंध. निबंधात दोन परिच्छेदांत उरकलेली पद्धत तिथे प्रकरणभर सापडते, प्रश्नावलीसुद्धा परिशिष्टात असते.

तळटीप:
वरच्या उत्तराला एक जोड. भांडारातली प्रत बहुधा 'स्वीकृत हस्तलिखित' असते, म्हणजे नियतकालिकाने स्वीकारलेली पण छपाईची मांडणी न झालेली प्रत. तज्ज्ञांनी मजकूर तपासून झालेला असतो, पण पानांचे क्रमांक छापील अंकाचे नसतात. त्यातलं वाक्य उद्धृत करून 'पृ. 7' लिहिलंत तर परीक्षकाला छापील अंकात ते सापडणार नाही. पानाऐवजी विभागाचं शीर्षक द्या. आर्काइव्हवरचा मसुदा तज्ज्ञांच्या समीक्षेआधीचा असू शकतो, शिवाय एकाच निबंधाच्या व्ही1, व्ही2 अशा आवृत्त्या असतात आणि तक्त्यांतले आकडे त्यांत बदललेले असू शकतात. वापरली ती आवृत्ती संदर्भात लिहा. संदर्भसूची पक्की करण्याआधी प्रत्येक डीओआय एकदा प्रकाशकाच्या पानावर उघडा. निबंध मागे घेतला गेला असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं, मोफत प्रतीवर असेलच असं नाही.

शेवटचं_सत्र:
एवढं करूनही नाहीच मिळाला तर? लेखकाला ईमेल केलेली चालते?

कपाट_सात:
चालते, आणि बरेच लेखक आनंदाने पाठवतात. विषयाच्या ओळीत निबंधाचं शीर्षक, आत चार ओळी: तुम्ही कोण, कोणत्या कामासाठी हवा, डीओआय, आभार. 'तुमचं सगळं लेखन पाठवा' असं मागू नका, त्याला उत्तर येत नाही. जुन्या निबंधावरचा पत्ता बंद असेल तर त्या लेखकाचा सर्वांत ताजा निबंध उघडा, चालू पत्ता तिथे मिळतो.

त्याच दिवशी ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन मागणीही टाका, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागवा. या मागण्या अडतात त्या मुख्यतः अर्धवट तपशिलामुळे. नियतकालिकाचं पूर्ण नाव (संक्षेप नको, दोन नियतकालिकांचे संक्षेप सारखे निघतात), वर्ष, खंड, अंक, पहिलं आणि शेवटचं पान एवढं भराच. प्रत यायला दिवस लागतात, म्हणून ज्यांच्यावाचून प्रकरण अडेल ते निबंध सत्राच्या सुरुवातीलाच मागवा. बाकीचे अनपेवॉलवर शोधत बसायला नंतर वेळ आहे.