शिपायाच्या छातीवरही लागतं
'पदकं साहेब लोकांनाच, शिपायाला कोण विचारतंय' असं पोलिसांच्या पदकांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या राष्ट्रपती पदकांबद्दल वाद घालत नाही. पण १ मेच्या आसपास जाहीर होणारं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह हवालदार-शिपायांनाही मिळतं. त्यात १५ वर्षं उत्तम सेवाभिलेखाची वेगळी वर्गवारी आहे. म्हणजे मोठा गुन्हा उघडकीस आणला नाही तरी चालतं, रेकॉर्डवर डाग नको.

जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकांना ते मिळालं तेव्हा कळलं, खरी मेहनत कागदांची. शिपायाला छोटी-छोटी बक्षिसं मिळतात, रक्कम चहापाण्याची, पण सेवापुस्तकात नोंद पाहिजे. काकांनी गड्ड्याच्या यात्रेतला (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) बंदोबस्त, आषाढीला पंढरपूरची ड्युटी, सगळ्याचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत जपलेले. एका बक्षिसाची नोंदच राहिली होती, त्यासाठी कचेरीत चार चकरा झाल्या. आता ते चिन्ह गणवेशावर लावायच्या आधी काकू पदरानं पुसून देतात. आणि हो, पुढच्या गड्ड्याच्या यात्रेत काका नंदीध्वजांच्या मिरवणुकीत परत बंदोबस्ताची दोरी धरूनच उभे होते.