किल्लारीच्या माणसांना अडाणी म्हणण्याआधी हे वाचा

तेरणाकाठ:
काल इथे एकाने ९३ च्या भूकंपात पडलेल्या जुन्या किल्लारी गावच्या ढिगाऱ्यांचे फोटो टाकून लिहिलं: "डोक्यावर ट्रकभर माती घेऊन झोपायचे. आदल्या वर्षी धक्के बसले तरी हलले नाहीत. यांना भूकंपाने नाही, अडाणीपणाने मारलं." खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणं जमलं नाही.

माळवद, म्हणजे मातीचं जड छत, कुणी हौसेने बांधत नव्हतं. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि पाला, मग पांढरी माती. गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर नवा थर टाकायचा. आज्याने टाकला, बापाने टाकला, जुना कुणी उतरवला नाही. होता होता माती दोन फुटांवर गेली. पण वैशाखात बाहेर अंग भाजत असताना आतल्या सोप्यात म्हातारी माणसं गोधडी पांघरून पडायची. आमच्या पिढ्यांनी पाहिलेलं संकट म्हणजे दुष्काळ. ७२ साल काढलेल्या माणसाला भिंतीत धान्य साठवायचं बळद हवं होतं, ऊन-चोरांपासून आडोसा हवा होता. त्याने घर या गरजांसाठी बांधलं.

भूकंपाचं कोण सांगणार होतं? सरकारच्या नकाशात आपला भाग झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धोक. झोन तीनमध्ये गेला २००२ ला, माणसं जाऊन नऊ वर्षं झाल्यावर! ९२ च्या धक्क्यांनंतर लोक अंगणात झोपतच होते की. वर्षभर झोपणार का? ३० सप्टेंबर ९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री विसर्जन उरकून गाव दमून पडलं होतं.

सिव्हिलवाला:
भावना पोचली. पण माती एकटीच दोषी नाही. मी औसा-निलंग्याकडे जुनी घरं तपासली आहेत. बाहेरून जी तीन फुटी भिंत दिसते, ती खरं तर दोन भिंती असतात. मध्ये गोटे आणि चिखल भरलेला, दोन्हींना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला की दोन्ही बाजू पोट फुगून सुटतात. कितीतरी घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती माणसांवर आल्या. चार-चार फुटांवर एक आरपार दगड आणि छताखाली चारी भिंतींना बांधणारा एक सलग पट्टा टाकला असता तर बरेच जण वाचले असते. हे ज्ञान नव्हतं, हे तर मान्य कराल?

तेरणाकाठ:
ज्ञान नव्हतं हे मान्य. पण ते ज्यांच्याकडे होतं त्यांनी आमच्या गवंड्यापर्यंत आणलं का, हेही विचारा. आरपार दगड आणि पट्टे दुरुस्तीच्या कार्यक्रमात आले, ९३ नंतर.

लोहाऱ्याची लेक:
माझं माहेर सास्तूरच्या बाजूचं. आमचं घर गावकुसाबाहेर, कुडाच्या भिंती, वर पत्रा. त्या पहाटे पत्रा अंगावर आला, आईला खरचटलं, आम्ही बाहेर आलो. वाड्यांत माणसं मातीत गुदमरून गेली. ज्यांच्याकडे दगड नव्हता ते वाचले, एवढं लिहून ठेवा.

आणि वाचलो म्हणून काय मिळालं? ज्याची जमीन ७ हेक्टरच्या वर त्याला ७५० चौरस फुटांचं घर. १ ते ७ हेक्टरला ४००. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्याला २५०. भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत आणलं होतं, पुनर्वसनाने परत सातबारा बघून बसवलं.

औसेकर:
ताई, ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचा पैसा आला, देशात एवढं मोठं काम आधी कुठे झालं होतं? शेतकऱ्याला बैल, कडबा, धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते. त्याला २५० मध्ये कोंबायचं का? प्रत्येक गोष्टीत जात-जमीन आणू नका.

लोहाऱ्याची लेक:
जातीचं नाव मी घेतलंच नाही, तुम्ही घेतलंत. शेतमजुराच्या शेळ्या कुठे बांधायच्या? त्याच्या पोरांनी लग्नं करून कुठे राहायचं? कडब्यासाठी जागा मोजणाऱ्याला आमची माणसं मोजता आली नाहीत.

औसेकर:
आवाज चढवू नका. माझी चुलती आणि तिची दोन लेकरं त्याच मातीत गेली. वाडा आमचाच होता. मोठ्या घराचं दुःख कमी नसतं.

लोहाऱ्याची लेक:
ते मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुमच्या घरावर फार वाईट वेळ आली. तरी २५० चा हिशोब चुकीचाच होता.

गोदाकाठचा:
घरांचं काय घेऊन बसलात? खरा गुन्हेगार माकणीचं धरण. कोयना धरणापाशी ६७ साली भूकंप झाला तो सगळ्यांनी पाहिला, तरी किल्लारीच्या उशाला पाणी साठवलं. यावर सगळे चूप.

सिव्हिलवाला:
चूप कुणी नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ धरणाकडे बोट दाखवत नाहीत. निम्न तेरणाचा, म्हणजे या माकणीच्या धरणाचा, साठा कोयनेच्या पासंगालाही पुरत नाही. पुढे किल्लारीत खोल बोअर घेतलं, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आत काळा खडक संपला आणि खाली कितीतरी जुना खडक लागला. त्या जुन्या खडकातल्या भेगा वरून कुणाला दिसणार? धरणावर सगळं ढकललं की घर कसं बांधायचं हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो, माझा राग त्यावर आहे.

फिरस्ता:
फोटो मीच टाकले होते. झोनचा मुद्दा ठीक, तो मला माहीत नव्हता. पण मग आत्ताचं बोला. नव्या गावांत मी काय पाहिलं? सरकारी भूकंपरोधक घराला चिकटून लोकांनी विटांच्या खोल्या काढल्यात, ना पट्टा ना कॉलम, वर पत्र्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. तीस वर्षांनी कुणाचा दोष? आता तर सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

तेरणाकाठ:
पत्र्यावरच्या दगडांबद्दल बोललात ते बरोबर, मीही घरोघरी सांगून थकलो. पण गारपीट-वावटळीत पत्रा उडतो, तेव्हा माणूस त्या दिवसाचं बघतो. सिमेंटची घरं उन्हाळ्यात बसवत नाहीत म्हणून लोक बाहेर खोली काढतात, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

लोहाऱ्याची लेक:
आणि जागा पुरत नाही म्हणून काढतात. फिरस्ता दादा, तुम्ही ज्या खोल्यांचे फोटो काढलेत त्या २५० च्या घरांना चिकटलेल्या आहेत का ७५० च्या, ते बघून आलात का? आमच्या घरात आता तिघे भाऊ आहेत, तिघांचे संसार. पट्टा टाकायला मिस्त्री जास्तीचे पैसे मागतो आणि ती खोली कागदावर नाही म्हणून कर्ज मिळत नाही. सिव्हिलवाले सर, तुम्ही तिकडे फिरता ना? अशा एका खोलीला पट्टा आणि कोपऱ्यातली सळई टाकायचा खर्च किती येतो, तो आकडा इथे लिहा. मी भावांना दाखवते.