सुपारीच्या गोष्टीत मारेकऱ्याचं दुःखी बालपण हवंच कशाला?

अर्धाकप

आमच्या गावच्या वाचनालयानं यंदा दिवाळीनिमित्त थरारकथा स्पर्धा घेतली. शब्दमर्यादा २०००. ठरलेले परीक्षक ऐनवेळी मुलीकडे निघून गेले, म्हणून मला धरलं. २३ कथा आल्या, त्यांतल्या ९ सुपारी घेऊन खून करणाऱ्याच्या. विषयाबद्दल तक्रार नाही. मी झुंजार आणि काळापहाड वाचतच वाढलो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या निम्म्या तरी आमच्या माळ्यावर असाव्यात असं लहानपणी वाटायचं.

तक्रार वेगळीच आहे. नऊपैकी सहा मारेकऱ्यांचा बाप दारुडा. सहाही जण लहानपणी उपाशी झोपलेले. आणि शेवटच्या परिच्छेदात पाकीट फोडून ज्याला मारायचं त्याचा फोटो काढतात, तो कुणाचा? एकाच्या सख्ख्या भावाचा, दुसऱ्याच्या बायकोचा आणि एकात तर चक्क स्वतःचा. (सुपारी त्यानंच आदल्या पानावर घासाघीस करून घेतली होती. तेव्हा पाकीट का नाही उघडलं, देव जाणे.)

माझं मत सांगतो, मग तुटून पडा. भाडोत्री मारेकऱ्याची भीती कशाची वाटते? त्याचं आपल्याशी काही वैरच नाही, याची. भावकीतला माणूस कोयता घेऊन आला तर निदान बांधावरून आलाय एवढं तरी कळतं. हा आलाय कारण कुणीतरी पैसे मोजलेत. त्याच्या गळ्यात रडकं बालपण अडकवलं की भीती गेली, उरली कीव. दोन हजार शब्दांत दोन्ही मावत नाहीत.

हेमिंग्वेची १९२७ सालची 'द किलर्स' बघा. छोट्या गावातली खाणावळ, संध्याकाळची वेळ, अ‍ॅल आणि मॅक्स नावाचे दोघे येतात. जे मागतात ते सहाशिवाय मिळणार नाही म्हटल्यावर घड्याळावरून हुज्जत घालतात आणि शेवटी अंडी खातात, हातमोजे न काढता. ज्याला मारायचं त्या मुष्टियोद्ध्यानं त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. एका मित्राचं काम म्हणून मारतोय म्हणतात. गोष्टीत एकही गोळी सुटत नाही. आणि तो मुष्टियोद्धा, निरोप मिळूनही, भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडून राहतो. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली त्या रात्री दाराची कडी दोनदा तपासली होती.

शब्दवेडी

साफ असहमत. हातमोजे घालून अंडी खाणारा माणूस तुम्हाला भारी वाटतो, दुखणं तिथंच आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीच्या पोरांचे स्टेटस बघा एकदा: काळा गॉगल, पाठमोरा माणूस, मागं पार्श्वसंगीत. कारण न सांगता मारणारा माणूस कागदावर उतरवला की त्याची ष्टाईल होते. बालपण दिलं की निदान तो कुणाचा तरी पोरगा होतो. रडकं लिहिलं असेल तर तो लिहिणाऱ्याचा दोष, बालपणाचा नव्हे.

अर्धाकप

कारण द्या की! पण ते व्यवहाराचं द्या. किती ठरले, कुणाच्या हातून आले, उरलेले कधी मिळणार.

पुढचीतारीख

न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभी नोकरी झाली, म्हणून बोलतो. तुमचा हातमोजेवाला आणि शब्दवेडीताईंचा बिचारा, दोघंही मला कधी आरोपीच्या पिंजऱ्यात दिसले नाहीत. दिसले ते गोंधळलेले. एका खटल्यात आरोपी क्रमांक चार म्हणजे मोटारसायकल चालवणारा पोरगा. गाडी त्याच्याच नावावर, कर्जावर घेतलेली. पहिल्या तारखेला आणला तेव्हा मागं वळून आईला विचारतो, "हप्ता भरला का?" आईनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही.

आणि ते पाकीट, तो गुळगुळीत फोटो विसरा. त्याच खटल्याच्या मुद्देमालात फोटो होता. लग्नातला ग्रुप फोटो, कात्रीनं कापलेला. मधला माणूस फेट्यात, चेहऱ्याभोवती निळ्या बॉलपेनचं वर्तुळ. कापताना शेजारच्याचा हात पुरता सुटला नव्हता, चार बोटं त्या माणसाच्या खांद्यावर तशीच राहिली होती. सरकारी वकिलांनी मयताच्या मेव्हण्याला विचारलं, ही बोटं कुणाची? त्यानं अंगठीवरून ओळखली. आरोपी क्रमांक एकची.

आता थोडं कामकाजाचं. अशा खटल्यात वैर एकाकडे असतं आणि हत्यार दुसऱ्याकडे. ज्यानं मारलं त्याला कारण नाही, ज्याला कारण आहे तो त्या दिवशी परगावी, तिकिटासकट. सरकार पक्षाला या दोघांना बांधणारी दोरी दाखवावी लागते. तो कट, जुन्या दंडविधानातलं १२०-ब. मध्ये दोन-तीन माणसं असतात, प्रत्येक जण आपला वाटा काढून पुढं सरकवतो. शेवटच्याच्या हाती इतके थोडे पैसे येतात की तोच आधी फुटतो आणि माफीचा साक्षीदार होतो. एरवी पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. १९९९ च्या मोक्कात मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची धरता येते, म्हणून टोळीच्या खटल्यांत तो कायदा लावायची धडपड चालते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, कलम १११ मध्ये, संघटित गुन्ह्यांच्या यादीत सुपारी घेऊन केलेला खून नाव घेऊनच घातलाय.

यातलं काहीच तुमच्या नऊ कथांत नसणार, पैज लावतो.

ट्विस्टप्रेमी

शिरस्तेदारसाहेब, दंडवत! पण खांद्यावरची चार बोटं हा ट्विस्ट नाही तर काय आहे? अर्धाकपराव फोटोच्या ट्विस्टला नावं ठेवतायत आणि सगळ्या धाग्यातली सगळ्यात भारी गोष्ट फोटोचा ट्विस्टच निघाली. थरारकथेचा वाचक शेवटच्या धक्क्यासाठीच पानं उलटतो. धक्का नको असेल त्यानं ललित लेख वाचावेत. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस बघायला मला आमच्या घरीच मिळतो, दर रविवारी.

अर्धाकप

हा हा. पण फरक बघा. ती बोटं पहिल्यापासून फोटोत होती. ती सगळ्यांनी पाहिली होती, फक्त कुणी वाचली नव्हती. माझ्या स्पर्धकांनी बायकोचा फोटो शेवटच्या ओळीत बाहेरून आणून चिकटवला.

आणि धक्का लागतोच असंही नाही. 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ साली आली. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी, पाच लाख डॉलर, निम्मे आगाऊ. द गॉल आदल्याच वर्षी, ७९ व्या वर्षी, आपल्या घरी वारलेले. म्हणजे मारेकऱ्याला जमणार नाही हे पहिलं पान उघडायच्या आधीच प्रत्येक वाचकाला ठाऊक. तरी लोकांनी रात्र जागवून वाचली, कारण त्यात सगळी करामत 'कसं' ची आहे: खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कुठं बनवून घ्यायची, सीमेवरून कशी न्यायची. शब्दवेडीताई, त्या मारेकऱ्याचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही. बालपण तर लांबच राहिलं.

शब्दवेडी

आणि म्हणूनच तो लोकांना नायक वाटतो. माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात. पोलीस अधिकारी धावून धावून दमतो, आणि आपण मनातल्या मनात कुणाच्या बाजूनं असतो? खरं सांगा.

घनपाठी

उशिरा येतोय. ही माणसं आपल्याकडे फार जुनी. अर्थशास्त्रात कौटिल्य हेरांचे प्रकार सांगताना 'तीक्ष्ण' सांगतो: गावोगावचे असे शूर की ज्यांनी जिवावर पाणी सोडलंय आणि जे पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशीही झुंजतील. झाली व्याख्या. त्याच्यापुढे 'रसद', म्हणजे विष घालणारे. त्यांची पात्रता काय, तर नातेवाइकांबद्दल माया नसलेले, क्रूर आणि आळशी. आळशी! या एका शब्दासाठी मी कौटिल्याला थरारलेखक म्हणायला तयार आहे. क्रूर कुणीही लिहील हो.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाचा दुसरा अंक आठवा. चंद्रगुप्ताला झोपेत मारायला राक्षसानं, म्हणजे नंदांच्या अमात्यानं, पैसे देऊन माणसं पाठवलीत, ती शयनगृहाच्या भिंतीतल्या भुयारात दबा धरून बसलीत. चंद्रगुप्त यायच्या आधी चाणक्य खोलीत शिरतो. त्याला भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग येताना दिसते, प्रत्येकीच्या तोंडात शिताचा कण. म्हणजे आत कुणीतरी जेवलंय. तो खोलीला आग लावायला सांगतो.

भुयारात डबा खाणारी ती माणसं. त्यांचं बालपण विशाखदत्तानं सांगितलं नाही, पण सांडलेल्या शितांवरून ती माणसंच होती हे मला पुरेपूर कळलं. शब्दवेडी आणि अर्धाकप, दोघांनीही यावर विचार करावा.

शब्दवेडी

मुंग्यांना माझं मत. हे मान्य करण्यासारखं आहे. पण शितं ठेवणारा लेखक शंभरात एक.

फडावरचा

सगळे सुपारी सुपारी करताय म्हणून जरा आमचंही ऐका. आमच्या घरात सुपारी म्हणजे पोटपाणी. आजोबा तमाशात ढोलकीला. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसं तिथं येतात, तारीख ठरते, इसार हातात पडतो, ती सुपारी. बँडवाल्याचीही सुपारीच. लग्न जमलं की सुपारी फुटते. खून करणाऱ्यांनी आमचा शब्द पळवला आणि आता परत द्यायला तयार नाहीत. परवा एसटीत फोनवर म्हणालो, "दोन सुपाऱ्या आहेत, त्यातली एक रात्रीची," तर शेजारचे बाबा पिशवी उचलून पुढच्या बाकावर गेले.

चर्चेला धरून एवढंच सांगतो. इसार घेतला की फड मोडकळीला आला असला तरी तारीख पाळायची, हे आमच्यात पक्कं. एकदा आजी वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी आजोबा बोर्डावर उभे होते. मारेकऱ्याच्या गोष्टीत मला ते बघायचंय. पैसे घेतलेत, मन नाही, पण शब्द गेलाय. बापाची दारू नको अन् हातमोजे पण नको.

ट्विस्टप्रेमी

फडावरचे यांना +१. आणि अफझलखानानं भर दरबारात विडा उचलला, तिथंही गोष्ट तीच की. एकदा उचललेला विडा परत ताटात ठेवता येत नाही.

घनपाठी

विडा चारचौघांत उचलतात आणि सुपारी चोरून देतात. अख्खा फरक त्यात आला. खानाचं नाव घेऊन भाडोत्री लोकांना मोठं करू नका. (हलके घ्या.)

अर्धाकप

बरं, नुसतं बोलण्यापेक्षा काल रात्री थोडं लिहून पाहिलं. फाडून खा.

*रसवंतीतल्या शेवटच्या बाकावर दोघे बसले. जाडा म्हणाला, "दोन फुल. एकात बर्फ नको, घसा धरलाय." चरक फिरायला लागला, घुंगरं वाजू लागली, तसा तो बोलायला लागला.*

*"एक आत्ता. दोन झाल्यावर."*

*"दीड आत्ता."*

*"मागच्या वेळी एकच घेतला होतास."*

*"मागच्या वेळी गाडी माझी नव्हती. आता हप्ता आहे."*

*जाड्यानं फोटो सरकवला. पोरानं तो उचलला नाही, बोटानं फिरवून फक्त सरळ केला.*

*"सकाळी कधी उठतो?"*

*"साडेपाच. कुत्रा फिरवतो."*

*"कुत्रा चावतो का?"*

*घुंगरं थांबली. रस येईपर्यंत दोघंही गप्प बसले.*

ट्विस्टप्रेमी

घुंगरं वाजतात तेवढाच वेळ बोलायचं, हे आवडलं. पण पुढं काय? कुत्रा त्याचाच लहानपणी हरवलेला निघतो?

पुढचीतारीख

हप्ता माझ्याकडून ढापलात, हरकत नाही, प्रताधिकार माझा नाही. पण 'एक' म्हणजे लाख धरताय ना? खाली पोचेपर्यंत त्याचे किती उरतात ते मी वर लिहिलंय. हा जाडा मधला माणूस असेल तर त्याला दीड परवडणारच नाही. तो 'वर विचारतो' म्हणेल. मधली माणसं कायम वर विचारतात.

शब्दवेडी

चांगलं लिहिलंय, म्हणूनच जास्त राग आला. "कुत्रा चावतो का" वर मी हसले. हसल्यावर लक्षात आलं की साडेपाचला उठणाऱ्या त्या माणसाचं मला काहीच माहीत नाही. त्याला गुडघेदुखी आहे का, कुत्रा कुणी हट्टानं आणला, काहीच नाही. मारेकऱ्याचं बालपण नको म्हणता ना? ठीक आहे, मी तो हट्ट सोडते. मग मरणाऱ्याची सकाळ तरी द्या. भुयारातल्यांना शितं मिळाली, या माणसाला निदान पायताण द्या.

अर्धाकप

हे लागलं. पण दोन हजार शब्दांत तो माणूस दाखवायचा तर रसवंती सोडावी लागेल, आणि रसवंती मला सोडवत नाही.

पुढचीतारीख

सोडू नका. फक्त एक चूक सुधारा. त्या दोघांनी घुंगरांच्या आड बोलण्याची हुशारी केली, पण चरकाला ऊस लावणारा त्यांच्यापासून तीन हातांवर उभा आहे. घुंगरांचा आवाज गिऱ्हाइकाला मोठा वाटतो, रसवाल्याला ऐकूच येत नाही, त्याचे कान मेलेले असतात त्या आवाजाला. बोलणं मात्र ऐकू येतं. आमच्याकडे असा माणूस साक्षीदार क्रमांक तीन असतो. आणि कुत्रा घेऊन जाणारा रोज सकाळी त्याच्याच दुकानावरून जातो.

अर्धाकप

थांबा. म्हणजे रसवाल्याला तो माणूस माहीत आहे. कुत्र्याचं नावही माहीत असणार. आणि घुंगरं त्यानं मुद्दाम थांबवलेली असू शकतात.

शब्दवेडीताई, रसवाल्याच्या बाजूनं लिहितो. उद्या टाकतो.

ट्विस्टप्रेमी

सुपारी रसवाल्यानंच दिलेली निघते ना? 🙏