अनुभव धागा: पॉवर प्लॅन चटकन बदलायचे शॉर्टकट

कर्वेनगरी
आज गुरुवार, दहाला वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि विंडोज ७ आठवलं. बॅटरीच्या चित्रावर क्लिक केलं की पॉवर प्लॅन (वीज किती वापरायची याचे तयार पर्याय) समोर! आता शॉर्टकट करून ठेवावा लागतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. चौकटीत 'पॉवरसीएफजी /सेटअ‍ॅक्टिव्ह स्कीम_मॅक्स' (अक्षरं अर्थात इंग्रजी). मग प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'वर नुसतं बी दाबा, कंट्रोल+आल्ट आपोआप लागतं. 'रन'ला मिनिमाइज्ड निवडा, म्हणजे काळी खिडकी मध्ये येत नाही. तुमचे उपाय लिहा.

तारयंत्र
नावं नीट बघा हं. स्कीम_मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त बचत, पॉवर सेव्हर. हाय परफॉर्मन्ससाठी स्कीम_मिन. लोक हमखास उलटं टाकतात आणि बॅटरी भराभर उतरते. मधला स्कीम_बॅलन्स्ड.

पेठेतला
शॉर्टकट डेस्कटॉप किंवा स्टार्ट मेनूतच राहू द्या. दुसऱ्या फोल्डरात नेला तर 'शॉर्टकट की' चालत नाही.

निळीशाई
नव्या लॅपटॉपवर हे अडतं. 'पॉवरसीएफजी /लिस्ट'मध्ये एकटा बॅलन्स्ड दिसतो. 'पॉवरसीएफजी /ए' द्या, 'एस० लो पॉवर आयडल' उपलब्ध दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय (स्लीपची नवी पद्धत) आहे. तिथे सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवरमधला 'पॉवर मोड' वापरायचा.

चहाचाकप
लॅपटॉप तग धरतो हो, राउटरचं काय? नेट गेलं की काम थांबलंच

तारयंत्र
@चहाचाकप तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. आधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, ९ की १२. ते जुळायलाच हवेत. अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त. पिनही ताडून बघा.

चहाचाकप
धन्यवाद! आज पाणीही नाही आमच्याकडे 😔

कर्वेनगरी
अरेरे. पिंपं भरून ठेवलीत ना?

पेठेतला
शॉर्टकटने लॅपटॉप स्लीपमध्ये न्यायला 'रनडीएलएल३२'ने सुरू होणारी कमांड सगळीकडे फिरते, ती नको. हायबरनेट चालू असेल तर मशीन झोपण्याऐवजी हायबरनेट होतं (सगळं डिस्कवर ठेवून बंद). त्यासाठी 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' केलंत तर फास्ट स्टार्टअपही जातं. त्यापेक्षा विंडोज+एक्स, मग यू, मग एस. काही बनवायलाच नको.

सिंहगडरोड
उबुंटूवाले: सेटिंग्ज, कीबोर्ड, कस्टम शॉर्टकट. कमांड 'पॉवरप्रोफाइल्ससीटीएल सेट पॉवर-सेव्हर'. टीएलपी (बॅटरी वाचवणारा वेगळा प्रोग्रॅम) टाकलेलं असेल तर दोन्ही एकमेकांच्या आड येतात, एकच ठेवा.

चहाचाकप
केला शॉर्टकट. पण खिडकी मिनिमाइज्ड, मग प्लॅन बदलला हे कळणार कसं?

निळीशाई
कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /गेटअ‍ॅक्टिव्हस्कीम'. चालू प्लॅनचं नाव कंसात येतं.

चहाचाकप
आलं, पॉवर सेव्हर 👍